वऱ्हाडचे ऊन आणि जर्मेनियमची पेटी

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आजही आठवली जाते. वाद्य तळहाताएवढे, पण त्याच्या झांजांचा तीव्र नाद समुदायाच्या आवाजातूनही वेगळा उठतो. खर्ज गर्दीत विरतो, तीव्र स्वर मात्र वाट काढतो.

इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्यांना हेच हवे होते. ड्रम आणि बेसच्या गदारोळात तिचा आवाज बुजून जाई. १९६० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडच्या डॅलस कंपनीने 'रेंजमास्टर' ही पेटी विक्रीस आणली. पायाने दाबायचे पेडल नव्हे ते. पेटी ॲम्प्लिफायरवर ठेवायची. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि मोजके सुटे भाग. सारे मर्म तोंडाशी बसविलेल्या ०.००५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये होते. तो खर्ज अडवी, उरलेले तीव्र स्वर ट्रान्झिस्टर वाढवी, आणि त्या जोराने ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हना किंचित फाटका, भरदार सूर फुटे.

आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने 'क्वीन'मध्ये गायला. त्याच वाद्यवृंदातील ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडविली. मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे! तिच्या सुरामागेही असाच तीव्रस्वरवर्धक असे.

अशी पेटी घरी जुळविणे अवघड नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनविण्यास आरंभ केला होता. जुन्या रेडिओतला 'एसी १२८' येथे चालतो. खरी परीक्षा पाहते ते ऊन. जर्मेनियममधून होणारी विजेची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. म्हणजे लंडनच्या वीस अंशांत जुळविलेल्या पेटीतील गळती वऱ्हाडच्या पंचेचाळीस अंशांत पाच-सहा पट! कलेक्टरपाशी सात व्होल्टच्या आसपास राखलेला दाब ढळतो आणि सूर चिरकतो. सिलिकॉनला हा त्रास फारसा नाही, मात्र काही जाणकारांच्या कानाला त्याचा सूर कोरडा लागतो. माझ्या मते जर्मेनियमच घ्यावा, पण तो सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवावा आणि एका रेझिस्टन्सच्या जागी फिरवता येणारा प्रीसेट लावावा. मग मे महिन्यात मीटर लावून दाब पुन्हा सातवर आणता येतो.