खेळाचें तिकीट आणि सामान्य प्रेक्षक

नागपूरकडील एका बॅरिस्टराचें नांव मुंबईच्या सागरकांठच्या क्रीडांगणास मिळालें, ह्याचें मूळ खेळांत नसून तिकिटांत आहे. शेषराव वानखेडे हे विदर्भाच्या राजकारणांतील वजनदार गृहस्थ. महाराष्ट्राचें अर्थखातें त्यांनीं सांभाळलें, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचें अध्यक्षपदहि त्यांच्याकडे होतें. १९७३ च्या सुमारास ब्रेबोर्न क्रीडांगणांतील किती जागा कोणाच्या वांट्यास याव्यात, ह्या प्रश्नावरून असोसिएशनचें आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें असें कांहीं फाटलें कीं, जुन्या क्रीडांगणापासून हाकेच्या अंतरावर दुसरें क्रीडांगण उभें राहिलें. शेजाऱ्याशीं विहिरीवरून भांडण झालें म्हणजे लोक आपल्या परसांत दुसरी विहीर खणतात, तसाच हा प्रकार. मात्र ही विहीर सिमेंट काँक्रीटची होती आणि तिला हजारों पायऱ्या होत्या.

तिकिटाची किंमत सामान्य माणसास परवडते कीं नाहीं, हा वाद फुटबॉलच्या देशांत जसा चालतो तसाच आपल्याकडे क्रिकेटविषयीं चालतो. परंतु मागील शंभर वर्षांचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, तिकिटावर छापलेला आंकडा ही गोष्ट पुष्कळ नंतरची आहे. एकंदर जागांपैकीं खिडकीवर येतात किती, हें आधीं ठरतें. आणि ज्याच्या ओळखीपाळखी नाहींत त्याचा निकाल बहुधा तेथेंच लागलेला असतो.

आरंभींच्या काळीं तर खिडकीचाहि फारसा प्रश्न नव्हता. १ डिसेंबर १९२६ रोजीं नागपूरचेच सुपुत्र कर्नल सी. के. नायडू ह्यांनीं मुंबईच्या जिमखाना मैदानावर विलायतेच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या व त्यांत ११ षट्कार ठोकले. तो खेळ तंबूंतील खुर्च्यांवरून पाहिलेले थोडे. आसपासच्या झाडांवरून आणि छपरांवरून पाहिलेलेच अधिक. ज्या जिमखान्याचें तें मैदान, त्याचें सभासदत्व हिंदी माणसास बंद होतें. खेळायला नायडू चालत, बसायला नव्हे. कलकत्त्याच्या फुटबॉलची कथा ह्याहून निराळी नाहीं. २९ जुलै १९११ रोजीं मोहनबागानच्या अनवाणी खेळाडूंनीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरवून शील्ड जिंकली, तेव्हां ज्या हजारों लोकांस मैदान दिसणेंच शक्य नव्हतें त्यांना आकाशांत चढविलेल्या पतंगांवरून गोलांची वार्ता कळत होती, असें सांगतात.

पुढें १९३७ सालीं मुंबईंत ब्रेबोर्न क्रीडांगण पुरें झालें. आतां झाडावर चढण्याचें कारण उरणार नाहीं, अशी लोकांची समजूत होती. परंतु पक्कें प्रेक्षागार झालें म्हणजे त्यांतील प्रत्येक जागेस मालक होतो, आणि मालक आला कीं वांटणी आली. त्याच वर्षीं चौरंगी सामन्यांत ‘इतर’ हा नवा संघ घेऊन ते पंचरंगी करण्याचें ठरलें होतें. हिंदु जिमखान्यानें आपल्या सभासदसंख्येच्या मानानें अधिक जागा मागितल्या. क्लबानें त्या देण्याचें नाकारलें. आणि हिंदु संघ मैदानावर उतरलाच नाहीं. पंचरंगी म्हणविणारे सामने पहिल्याच वर्षीं चार रंगांवर उरकावे लागले. ह्या सामन्यांच्या जातीय स्वरूपावर त्या काळीं पुष्कळ लिहिलें गेलें आणि तें योग्यहि होतें. तथापि संघानें माघार घेतली ती तत्त्वासाठीं नव्हे, खुर्च्यांसाठीं, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं.

तोच वाद ३६ वर्षांनीं पुन्हां पेटला. कसोटी सामना भरवावयाचा असोसिएशननें. परंतु क्रीडांगण क्लबाचें, त्यामुळें आपल्या सभासदांची सोय आधीं लावून मग उरलेल्या जागा असोसिएशनला देण्याची क्लबाची रीत. असोसिएशनला जोडलेले शेंकडों लहान लहान क्लब, मैदानावर तंबू ठोकून खेळणारे, त्यांच्या वांट्यास फार थोडें येई. वानखेड्यांची तक्रार ही होती आणि ती खरी होती. तिकडे क्लबाच्या अध्यक्षस्थानीं विजय मर्चंट होते. घर आमचें, तेव्हां पंगत आम्हीच वाढणार, हें त्यांचें म्हणणेंहि अगदींच टाकाऊ नव्हतें. वानखेड्यांनीं वाद घालण्यांत वेळ दवडला नाहीं. अवघ्या तेरा महिन्यांच्या आंतबाहेर नवें क्रीडांगण उभें करून २३ जानेवारी १९७५ रोजीं तेथें वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना सुरू झाला. क्लाइव्ह लॉइडनें नाबाद २४२ धावा केल्या. त्याचें अभिनंदन करण्यास धांवत गेलेल्या एका प्रेक्षकास पोलिसांनीं मारलें म्हणून लोक खवळले, आणि नव्या वास्तूच्या पहिल्याच सामन्यांत दंगल झाली. ब्रेबोर्नवर त्यानंतरचा कसोटी सामना व्हावयास २००९ साल उजाडावें लागलें.

आतां ह्या कथेचें उत्तरकांड पाहण्यासारखें आहे. २ एप्रिल २०११ रोजीं ह्याच वानखेडे क्रीडांगणावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नूतनीकरणानंतर तेथें सुमारें ३३,००० प्रेक्षकांची सोय होती. त्यांपैकीं सर्वसामान्य जनतेस विकण्यासाठीं राहिलीं तीं सुमारें ४,००० तिकिटें. बाकीचीं असोसिएशनच्या संलग्न क्लबांस, आंतरराष्ट्रीय मंडळास आणि मानकऱ्यांस आधींच वांटलीं गेलीं होतीं. ज्या संलग्न क्लबांवर १९७३ पूर्वीं अन्याय होत होता, तेच आतां पंगतीच्या वरच्या बाजूस बसले होते. क्रीडांगण बदललें, वाढपी बदलले. दाराबाहेर उभा असलेला माणूस मात्र तोच राहिला. त्या ४,००० तिकिटांचा दर कमी होता कीं अधिक, ह्याची चर्चा त्याच्या दृष्टीनें निरर्थक होती.

नागपूरचा स्वतःचा अनुभव ह्याहून कठोर आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचें सिव्हिल लाइन्समधील मैदान शहराच्या अगदीं पोटांत. ऑक्टोबर १९६९ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. न्यूझीलंडनें भारतास १६७ धावांनीं हरविलें, पण घरापासून पायीं वा सायकलीवर जाऊन कसोटी सामना पाहण्याचें भाग्य नागपूरकरांस लाभलें. २६ नोव्हेंबर १९९५ रोजीं त्याच न्यूझीलंडशीं एकदिवसीय सामना चालू असतां, भोजनाच्या सुटींत पूर्वेकडील स्टँडची भिंत कोसळली. निदान नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तिकीट काढून खेळ पाहावयास आलेलीं तीं माणसें. सामना पुढें चालू राहिला आणि भारत हरला. त्या दिवसाचा धावफलक आजहि सर्वत्र सांपडतो.

इंग्लंडच्या फुटबॉलनें असाच एक दिवस पाहिला होता. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडांगणांत उभ्यानें पाहण्याच्या जागेंत चेंगराचेंगरी होऊन ९७ जीव गेले. त्यांतील अखेरचा मनुष्य अनेक वर्षें अंथरुणाला खिळून २०२१ मध्यें वारला. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ति टेलर ह्यांनीं १९९० सालीं शिफारस केली कीं, मोठ्या क्रीडांगणांत सर्वांना बसावयास जागा असावी. ह्या निमित्तानें दर भडकूं नयेत, हेंहि त्यांनीं लिहिलें आणि ग्लासगोच्या एका क्रीडांगणाचा दाखला दिला: तेथें उभ्याचा दर चार पौंड, तर बसण्याचा सहा. पहिली शिफारस अमलांत आली. दुसरी कोणीं वाचली कीं नाहीं, कोण जाणे. खुर्च्या आल्या, माणसें सुरक्षित झालीं, आणि दर असे चढत गेले कीं गोदीकामगाराच्या मुलास बापाच्या संघाचा खेळ पाहणें दुर्घट झालें. ६ फेब्रुवारी २०१६ रोजीं लिव्हरपूलच्या मैदानांत, ७७ पौंडांच्या नव्या दराच्या निषेधार्थ, सुमारें १०,००० लोक बरोबर ७७ व्या मिनिटास उठून चालते झाले. तेव्हां त्यांचा संघ दोन गोलांनीं पुढें होता. तीं माणसें बाहेर पडल्यावर सामना बरोबरींत सुटला. मालकांनीं क्षमा मागून दर मागें घेतला, आणि पुढल्याच महिन्यांत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठीं ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरली. आपल्याकडे अशी चळवळ घडलेली दिसत नाहीं. ज्याला आंतच प्रवेश नाहीं, तो उठून जाणार कोठून?

नागपुरांत २००८ सालीं वर्धा रस्त्यावर जामठा येथें नवें क्रीडांगण झालें. तें ४५,००० प्रेक्षकांचें आहे, पक्कें आहे, आणि बांधणीच्या दृष्टीनें त्याची प्रशंसा करावी तितकी थोडी. पण तें शहराच्या मध्यापासून १५ किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तेथील पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीचा तो अखेरचा सामना; तरीहि स्टँडमधील रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच डोळ्यांत भरत होत्या. येथें खिडकीवर तिकिटें होतीं आणि घेणारा नव्हता. सिव्हिल लाइन्सला जो माणूस कचेरी सुटल्यावर अर्धा तास डोकावून जाई, त्याला जामठ्यास तिकिटाच्या दरांत जाण्यायेण्याचें भाडें आणि एका दिवसाची मजुरी मिळवून हिशेब करावा लागे. हे दोन आंकडे तिकिटावर छापलेले नसतात.

अशा माणसासाठीं फार पूर्वींपासून एकच जागा राखीव आहे. १९३४ पासून बॉबी तल्यारखान मुंबई केंद्रावरून सामन्यांचें धावतें वर्णन करूं लागले, आणि १९४८ च्या जुलैंत नागपूरचें आकाशवाणी केंद्रहि सुरू झालें. चहाच्या दुकानाबाहेर, पानवाल्याच्या फळीभोंवतीं, एका यंत्राला कान लावून पन्नास माणसें उभीं राहत. तेथें सभासद कोण हें कोणी विचारीत नसे. मेट्रो २०१९ मध्यें खापरीपर्यंत पोंचली आहे. जामठा त्याच्याहि पुढें आहे.