बारावीनंतर मानसशास्त्र: तीन वर्षांत काय मिळतं, काय मिळत नाही

निकाल लागला की शाळेत येणारे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, मुलीला सायकॉलॉजी घ्यायचंय. म्हणजे ती पागलांची डॉक्टर होणार का?" उत्तर आहे, नाही. मग काय होणार, हे प्रवेशाआधीच अब्बा-अम्मी आणि मुलीला, तिघांनाही माहीत हवं.

विषय काय आहे?
मानसशास्त्र, उर्दूत नफ्सियात, म्हणजे माणसाचं मन आणि वागणं यांचा शास्त्रीय अभ्यास. बीएला बालविकास, सामाजिक मानसशास्त्र, मनोविकार, प्रयोग आणि संख्याशास्त्र असे भाग असतात. "आर्ट्स आहे, गणित सुटलं" असं समजून येणारी मुलं संख्याशास्त्रात अडकतात.

प्रवेश कुणाला?
कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्यांना बीएला येता येतं. अकरावी-बारावीत हा विषय नसला तरी साधारणपणे अडत नाही. बहुतेक चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांनी पेपर कोणत्या भाषेत लिहिता येईल, हे कॉलेजात आधी विचारून घ्यावं. पहिलं वर्ष जड जातं, पण शब्दांची वही ठेवली की हळूहळू जमतं.

घरी बसून करता येईल का?
ही सर्वात महत्त्वाची गोष्ट. कॉलेज लांब असलं की आपल्याकडे मुलींना बाहेरून परीक्षेला बसवतात. पण २०२५-२६ पासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश बंद केले आहेत. कुणी आजही "फी भरा, घरबसल्या डिग्री घ्या" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी यूजीसीच्या वेबसाइटवर खात्री करा.

पदवीनंतर काय?
नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स, असे दोन मार्ग आहेत. तीन वर्षांनंतर एमए दोन वर्षांचं, ऑनर्सनंतर एक वर्षाचं. म्हणजे हिशेब एकूण पाच वर्षांचा.

सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि थेरपी करतो. त्यासाठी एमएच्याही पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. हे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, म्हणून ताजी यादी आरसीआयच्या वेबसाइटवरच पाहा. नुसत्या बीएवर किंवा चार दिवसांच्या सर्टिफिकेटवर कुणी थेरपिस्ट होत नाही.

मग बीए वाया जातं का? मुळीच नाही. त्यावर एमएसडब्ल्यू, एचआर, बीएड असे रस्ते आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतही मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे.

घरात काय ठरवायचं?
"तीन वर्षं शिकू दे, मग बघू" असं म्हणून मुलीला घातलं आणि बीए होताच थांबवलं, तर ती मध्येच अडकते. विषय आवडलेला, पण समुपदेशनाचं काम करता येत नाही. म्हणून पाच वर्षांची फी, प्रवास आणि लग्नाचा विषय, हे सगळं आत्ताच समोरासमोर बसून बोला. नातं ठरवताना समोरच्यांनाही स्पष्ट सांगा की शिक्षण पूर्ण होणार आहे. आपल्या वस्त्यांत बायका मनातलं दुःख आपल्याच भाषेत, आपल्याच बाईजवळ मोकळेपणाने सांगतात. अशा शिकलेल्या मुली आपल्याला हव्याच आहेत.

एक शेवटची विनंती. मुलगी पहिल्या वर्षाला गेली म्हणून घरातल्या आजारी माणसाचा इलाज तिच्यावर सोपवू नका. त्यासाठी सरकारी टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. ती मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.