ठाणे-साष्टीची बोली : परकीयांचे अध्ययन

साष्टी बेटावर (ठाणे शहर याच बेटाच्या ईशान्य टोकाला) पोर्तुगीज अमलात मिशनऱ्यांनी केलेला स्थानिक बोलीचा अभ्यास. 1534 च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगिजांकडे आली. पाद्र्याला पापांचा कबुलीजबाब ऐकायचा तर समोरच्या कोळ्याचे, कुणब्याचे बोलणे कळायलाच हवे. दुभाष्यामार्फत ते नीट साधत नाही. भाषा न येणाऱ्या पाद्र्याकडे गावाचे चर्च सोपवू नये, असे 1606 च्या गोव्यातील धर्मसभेने ठरवले.

या गरजेतून सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने ‘उत्तरेकडील बोली’चे व्याकरण लिहिले. त्याने आपले नाव ठेवलेले नाही. हस्तलिखित दोन शतके पडून होते. पोर्तुगीज अभ्यासक कुन्य रिव्हार यांनी ते 1858 मध्ये गोव्यात छापले. शीर्षकात भाषेला कोंकणी म्हटले असले, तरी ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) आगरी, कोळी, किरिस्ताव इ. बोली मराठीखालीच येतात, आणि ते अधिक पटते. पाण्याचे ‘पानी’, डोळ्याचा ‘डोला’, घोड्याचा ‘घोरा’ ही या बोलींची ठळक लक्षणे.

व्याकरणाहून मोठे काम फ्रान्सिस्कन पाद्री फ्रान्सिस्को व्हाझ द गिमरांइश यांचे. ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील त्यांचे पुराण 1659 मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले. भाषा इथली, छंद ओवीचा. परदेशी माणूस बोलीबरोबर तिची गायनपरंपराही शिकला, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. इथल्या ख्रिस्ती ‘ईस्ट इंडियन’ समाजात ते उपासकाळात गायले जाई. एकोणिसाव्या शतकातही मुंबईत त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

खाडीपलीकडचे कल्याण पोर्तुगीज अमलाबाहेर, आदिलशाहीत होते (1657 मध्ये ते शिवाजी महाराजांकडे आले). त्यामुळे बोली जवळची असूनही तिथे असा अभ्यास झाला नाही.

1684 च्या फर्मानाने पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी रोख उलटा केला : लोकांनीच तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. फर्मान कागदावर किती आणि गावात किती चालले, हा वेगळा प्रश्न. 1737 मध्ये ठाणे मराठ्यांनी घेतले. पुढे इंग्रज अधिकारी मराठी शिकले ती पुण्याच्या शिष्ट वळणाची; मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (1831) कोकणातले शब्द आले, पण प्रांतिक म्हणून खूण लावून. डोंबिवली-कल्याणच्या आगरी गावांत आलेल्या परक्याला ही बोली पुस्तकातून नव्हे, शेजाऱ्यांकडूनच उचलावी लागली.