पुढचा नंबर कुणासाठी असतो?

"साहेब, मागं आहे की नंबर. पुढचा कशाला पाहिजे?"

नाकाबंदी लागली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा कॉलेजचा पोरगा असतो. पुढचं मडगार्ड बदललेलं, नाहीतर गाडी 'मॉडिफाय' केलेली, आणि नंबर प्लेट घरी किंवा डिकीत. हवालदार मशीन काढतो, फोटो मारतो, चलन फाडतो. पोरगा पुढच्या चौकात गेला की म्हणतो, "पोलिसांना पैसे गोळा करायचेत, दुसरं काय!"

त्याचा राग मला समजतो. पण त्याचा प्रश्न खरंच चांगला आहे. गाडी तीच, मालक तोच, मागं नंबर आहे, मग पुढं परत तोच नंबर कशासाठी? अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक सांगतात, फ्लोरिडा, पेनसिल्व्हानियासारख्या राज्यांत गाडीला मागंच एक प्लेट असते. इंग्लंडमध्ये तर मोटारसायकलला पुढं नंबर लागतच नाही. १९७५ मध्येच त्यांनी तो नियम काढून टाकला. मग आपल्याकडंच हा हट्ट का? याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

गाडीवर ओळख लावण्याची सक्ती पहिल्यांदा पॅरिसमध्ये झाली, असं मानतात. १८९३ साली तिथल्या पोलिसांनी हुकूम काढला की मोटारीवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक लिहिलेली पाटी पाहिजे. म्हणजे मूळ कल्पनेत नाव-पत्ताच होता. घराच्या दारावर पाटी असते, तशी ही गाडीची पाटी.

मग आला इंग्लंडचा १९०३ चा मोटार कायदा. हा कायदा म्हणजे सरळ सरळ सौदा होता. मोटारवाल्यांना वेग वाढवून पाहिजे होता. ताशी १४ मैलांची मर्यादा २० मैल करून मिळाली, पण बदल्यात नोंदणी करा आणि पुढं-मागं नंबर लावा, असं सांगितलं गेलं. १ जानेवारी १९०४ पासून अंमल सुरू झाला. त्या काळी मोटार श्रीमंतांकडंच असायची. भाड्याच्या घोडागाडीला असतो तसा नंबर आपल्या गाडीला लावायचा, हे अनेकांना अपमानाचं वाटलं. पण रस्त्यावर चालणाऱ्या माणसांचं म्हणणं सोपं होतं. धुरळा उडवत, कोंबड्या-कुत्री तुडवत गाडी निघून जाते, ती कुणाची हे आम्हाला कळायला नको का?

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. वेग गाडीवाल्याला मिळाला आणि नंबर बघण्याचा हक्क पायी चालणाऱ्याला मिळाला. नंबर प्लेट ही सुरुवातीपासून अशी देवाणघेवाण आहे.

आपल्याकडं देशभरासाठीचा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा, आणि आता चालू असलेला १९८८ चा. मुंबई इलाख्यात आणि पुढं मुंबई राज्यात 'बीएम'नं सुरू होणारे नंबर होते. महाराष्ट्र झाल्यावर 'एमआर', 'एमएम' अशी सुरुवात असलेली तीन अक्षरं आणि चार आकडे आले. जुने हिंदी सिनेमे बघताना नायकाच्या फियाटवर ते दिसतात. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाला आणि 'एमएच' आलं. मुंबईला ०१, पुण्याला १२, आपल्या सोलापूरला १३, पुढं अकलूजला ४५. आता तर लग्नाच्या वऱ्हाडात गाड्या बघूनच कळतं पाहुणे कुठले ते.

या कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी केलेली नसेल आणि नंबर ठरल्याप्रमाणे लावलेला नसेल, तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कसा लावायचा ते १९८९ च्या केंद्रीय नियमांत, नियम ५० आणि ५१ मध्ये आहे. चारचाकीची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच, मोटारसायकलच्या पुढची ३० मिलिमीटर.

मोटारसायकलचा एक किस्सा इथं सांगण्यासारखा आहे. साठी ओलांडलेल्या वाचकांना जुन्या राजदूत, बुलेट आठवत असतील. पुढच्या मडगार्डवर उभी पाटी असायची, चाकाच्या रेषेत. नंबर बाजूनं दिसायचा, समोरून दिसायचा नाही. ही इंग्रजी गाड्यांची पद्धत. तिथं अशी धारदार पाटी धडक बसलेल्या पादचाऱ्याला कापते, म्हणून ती बदनाम होती आणि शेवटी पुढचा नंबरच गेला. आपण वेगळा रस्ता धरला. पुढचा नंबर ठेवला, पण तो हँडलला समांतर, समोरच्या माणसाला वाचता येईल असा लावा, असा नियम केला. म्हणजे आपल्या नियमानं पुढचा नंबर मुद्दाम समोरच्याकडं वळवलाय.

का, ते आपल्या रस्त्यांवर उभं राहून बघा. दुभाजक नसलेला रस्ता, राँग साईडनं येणारी वाहनं, रात्री दिव्यांचा पत्ता नाही. धडक बसते ती बऱ्याचदा समोरून. पडलेला माणूस गाडीची मागची बाजू बघायला शुद्धीवर असतोच असं नाही. जे काही दिसतं ते धडकेच्या आधीच्या दोन सेकंदांत, समोरूनच.

आता नंबरनं काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. दोन्ही मुंबईची.

१२ मार्च १९९३. बारा स्फोटांनी मुंबई हादरली, २५७ माणसं गेली. त्याच दिवशी वरळीत सीमेन्स कंपनीजवळ एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. आत रायफली आणि हातबॉम्ब होते. गाडीवर नंबर होता, एमएफसी १९७२. पोलिसांनी नोंदणी तपासली तर ती मेमन कुटुंबातल्या एका महिलेच्या नावावर निघाली, पत्ता माहीमचा. तिथून टायगर मेमनचं नाव पुढं आलं. माहीमच्या घरात स्कूटरची एक चावी मिळाली. दादरला नायगाव क्रॉस रोडवर न फुटलेला बॉम्ब असलेली स्कूटर सापडली, तिला ती चावी लागली. एवढ्या मोठ्या कटाचं पहिलं टोक हाताला लागलं ते आरटीओच्या रजिस्टरमधून.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२१ चं. अंबानींच्या 'अँटिलिया'जवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली. तिच्यावरचा नंबर खोटा होता आणि आतही आणखी नंबर प्लेट होत्या. पुढं राष्ट्रीय तपास यंत्रणेनं खुद्द मुंबई पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याला अटक केली आणि मिठी नदीतून पाणबुड्यांकरवी नंबर प्लेट बाहेर काढल्या. १९९३ ला खऱ्या नंबरनं पोलीस काही तासांत घरापर्यंत पोचले. २०२१ ला खोटे नंबर शोधायला नदीत उतरावं लागलं.

म्हणून ती हाय सिक्युरिटी प्लेट, जिच्यासाठी आपण सगळे नुकतेच रांगेत उभे होतो. तिचा नियम २००१ चा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये ती योजना वैध ठरवली, पुढं राज्यांचे कान उपटले, तरी सगळ्या नव्या गाड्यांना ती बसायला १ एप्रिल २०१९ उजाडलं. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. मुदत ३१ मार्च २०२५ ची होती, ती किती वेळा वाढली ते तुम्हाला माहीतच आहे. अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरनं कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. दराबद्दल, केंद्रांवरच्या गोंधळाबद्दल लोकांनी जी ओरड केली ती रास्त होती. पण प्लेट मुळात कशासाठी, हे लोकांना समजावून सांगायचं काम कुणीच केलं नाही.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. त्या गाडीला नंबर प्लेटच नव्हती. तात्पुरती नोंदणी होती, पण कायमची नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळं राहिलेली, असं परिवहन खात्यानं तेव्हा सांगितलं. कोटीच्या वरची गाडी आणि अडलेलं शुल्क १,७५८ रुपये! तिथं लोकांनी जागेवरच चालवणाऱ्याला पकडलं म्हणून बरं. रात्रीची वेळ, रस्ता मोकळा, आणि तो निसटला असता तर साक्षीदारांनी कुठला नंबर सांगितला असता?

पुण्याचं राहू द्या. आपल्या तालुक्याकडं या.

बावीस वर्षं बातमीदारी करतोय. गळीत हंगाम सुरू झाला की 'अज्ञात वाहनाच्या धडकेत ठार' ही बातमी मी किती वेळा लिहिली, हिशोब नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, पुढं नंबर नाही. शेवटच्या ट्रॉलीच्या मागं ट्रॅक्टरचा नंबर दिसला पाहिजे असा नियम आहे, पण तिथं ना नंबर, ना रिफ्लेक्टर. वाळूचा हायवा असेल तर नंबरवर चिखल नाहीतर ग्रीस फासलेलं. तो चिखल पावसाळ्यातही धुतला जात नाही आणि उन्हाळ्यातही वाळून पडत नाही.

त्या 'अज्ञात' शब्दाची किंमत किती, ते ऐका. गाडीचा नंबर सापडला तर तिच्या विम्यातून मोटार अपघात न्यायाधिकरणापुढं दावा लावता येतो. मयताचं वय, कमाई, घरात खाणारी तोंडं, सगळं धरून भरपाई ठरते. कमावत्या तरुण माणसाच्या बाबतीत ती अनेक लाखांत जाते. नंबर सापडला नाही तर कलम १६१. मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार, बस्स. हेही १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी मृत्यूला २५ हजार आणि जखमीला साडेबारा हजार होते. माणूस तोच, अपघात तोच. फरक फक्त त्या पाटीचा.

आता पोलीस आणि आरटीओच्या साहेबांशी दोन शब्द.

पुढची प्लेट नाही म्हणून कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडला तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. कॉलेजच्या पोराला तो लावा, जरूर लावा. पण कारखान्याच्या गेटवर नोव्हेंबर ते मार्च रोज शेकडो ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. त्यांना शोधायला नाकाबंदीसुद्धा लागत नाही. तिथं मशीन घेऊन कोण जातं? नोंदणीच नसलेली गाडी सापडली तर कलम १९२ खाली ५ हजारांपर्यंत दंड आहे आणि कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. किती हायवा अडकवले, आकडा जाहीर करा, मी पहिल्या पानावर छापतो.

आणि आमच्या जातभाईंनाही सांगतो. नंबर प्लेटवर 'प्रेस' लिहिण्याचा अधिकार कुठल्याही कायद्यात नाही. 'पोलीस' नाही, 'महाराष्ट्र शासन' नाही, पक्षाचं चिन्ह नाही, २१४ चा 'राम' नाही आणि ८०५५ चा 'बॉस' नाही. राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या गाड्यांवर पूर्वी नंबराच्या जागी राजमुद्रा असायची. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की त्यांच्याही गाड्यांवर नंबर दिसला पाहिजे. नंबर नसलेल्या गाडीनं धडक दिली तर तक्रार कुणावर करायची, हाच तिथला मुद्दा होता. जो नियम राष्ट्रपतींच्या गाडीला आहे, तो सरपंचाच्या फॉर्च्युनरला नको?

तर त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर असं. बाळा, मागचा नंबर तू निघून गेल्यावर कामाला येतो. पुढचा नंबर तुझ्या समोर जो येतो त्याच्यासाठी आहे. शाळेतून सायकलवर येणारी पोरगी, पहाटे फिरायला निघालेले आजोबा, पालखीत चालणारा वारकरी. पोलीस नुसता तो आहे का बघायला उभा असतो.

कारखाने सुरू व्हायच्या आत आपल्या गावातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना पुढं-मागं नंबर आणि रिफ्लेक्टर लागले पाहिजेत, असं निवेदन मी या सोमवारी तहसीलदार, पोलीस निरीक्षक आणि आरटीओला देतोय. सकाळी अकरा वाजता तहसीलसमोर. ज्यांना सही करायची आहे त्यांनी या. ट्रॅक्टरवाल्यांनीही या, कारण रात्री त्यांचीही पोरं याच रस्त्यानं घरी येतात.