कर्ण्यापासून कपाटापर्यंत : आवाज टिपणाऱ्या खोल्यांचा इतिहास

घरात बसून गाणं रेकॉर्ड करणं ही मोबाइल आणि लॅपटॉप आल्यानंतरची गोष्ट आहे, असा आपला समज असतो. इतिहास थोडं वेगळं सांगतो. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गाणी टिपायला आला, तेव्हा त्याच्या दिमतीला कुठलाही स्टुडिओ नव्हता. त्याने हॉटेलाच्या खोल्यांत यंत्रं मांडली आणि गायक-गायिकांना तिथे बोलावलं. म्हणजे आपल्याकडच्या तबकड्यांचा इतिहास राहत्या खोलीतूनच सुरू होतो.

त्या खोलीत मायक्रोफोन नव्हता. भिंतीजवळ एक मोठा कर्णा असे. गाणाऱ्याचा आवाज कर्ण्यातून आत जाई, टोकाशी असलेला पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या थाळीवर रेघ कोरत जाई. आवाजाच्या जोरावरच सगळा खेळ होता. त्यामुळे गाणाऱ्याला तोंड कर्ण्याजवळ नेऊन मोकळ्या, चढ्या गळ्याने गावं लागे. हळुवार सूर थाळीपर्यंत पोहोचतच नसे. तार सप्तकात गळा फुटला की डोकं मागे घ्यावं लागे. शिवाय एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं. जो राग मैफिलीत तासभर चालायचा, तो तीन मिनिटांत बसवायचा!

ही कसरत ज्यांनी पहिल्यांदा साधली त्यात गौहर जान यांचं नाव वरचं आहे. आलाप थोडक्यात, मुखडा लगेच, शेवटी तान आणि मग स्वतःच्या नावाची इंग्रजीतून घोषणा. तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोव्हरला. गाणारं कोण हे तिथल्या कामगारांना कळावं, म्हणून ती घोषणा असे, असं सांगितलं जातं. मला मात्र त्या घोषणेत कारखान्याच्या सोयीपेक्षा जास्त काहीतरी ऐकू येतं. एक बाई स्वतःचं नाव ठणकावून सांगते आहे आणि ते पुसता येणार नाही.

मोठ्या घराण्यांतले बरेच उस्ताद या यंत्रापासून लांब राहिले. आपली विद्या बाजारात फिरेल, कुणीही ऐकून उचलेल, ही भीती होती. त्या काळात पुढे आल्या त्या प्रामुख्याने तवायफ. गौहर जान, अलाहाबादच्या जानकीबाई, आग्र्याच्या जोहराबाई. ज्या घरांच्या उंबरठ्याआत या बायकांना प्रवेश नव्हता, त्याच घरांच्या दिवाणखान्यात त्यांचा आवाज तबकडीवरून शिरला. समाजाने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांचंच गाणं आज पुरावा म्हणून आपल्याजवळ आहे.

उलट बाजूही बघायला हवी. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ १९४६पर्यंत हयात होते. रेकॉर्डिंगचं तंत्र त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलं. पण त्यांची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. त्यांचं गाणं कसं होतं हे आपण शिष्यांच्या गळ्यातून ताडायचं. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, यांची भैरवी मात्र १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. गुरूचा आवाज पृथ्वीवर नाही आणि शिष्येचा ग्रहांच्याही पलीकडे आहे. न टिपलेल्या आवाजाचं काय होतं, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

१९२५च्या सुमारास विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं आणि कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन बसला. आता ओरडावं लागत नव्हतं. याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकाव्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या तबकड्या कर्ण्यासमोरच्या आहेत, तर १९३०नंतरच्या मायक्रोफोनसमोरच्या. मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकतो, तेव्हा जुन्या तबकड्यांत गायकी कळते. पण झिंझोटीतल्या त्या प्रसिद्ध ठुमरीत त्यांचा श्वासही कळतो. सुराची जी नजाकत कर्ण्याने गिळली असती, ती मायक्रोफोनने जपली.

पुढची उडी अमेरिकेत पडली. गिटारवादक लेस पॉलने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ उभारला. टेपवर एका आवाजावर दुसरा आवाज चढवण्याचं तंत्र त्याने विकसित केलं. पत्नी मेरी फोर्डला मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभं करून तो तिचेच अनेक आवाज एकत्र गुंफायचा. १९५१मध्ये या जोडप्याचं घरी केलेलं गाणं तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक टिपणारं लहान यंत्र आणलं. त्याच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम न्यू जर्सीतल्या घरात टिपला. बिली आयलिशचा २०१९चा अल्बम मुख्यतः तिच्या भावाच्या बेडरूममध्ये तयार झाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं.

यंत्रं बदलत गेली, खोलीचे नियम मात्र तेच राहिले. आजही घरी गाणं टिपताना पहिला प्रश्न असतो अंतराचा. तोंड आणि माइक यांच्यात साधारण एक वीत जागा हवी. फार जवळ गेलं की आवाज घुमट होतो, लांब गेलं की खोली ऐकू येते. तार सप्तकात मागे सरण्याची कर्ण्यासमोरची शिस्त इथेही उपयोगी पडते. आपल्या भाषांत फ, भ, ध, घ अशी श्वास सोडणारी अक्षरं भरपूर. त्यांच्या हवेचा झोत थेट आदळू नये म्हणून माइक थोडा तिरका ठेवायचा किंवा पुढे जाळी लावायची. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो; तो अडवायला मागे गोधडी किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पुरतं. पंखा बंद. पातळी इतकी खाली ठेवायची की सर्वांत चढा सूरही फाटू नये. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. माइक महाग असला आणि हे पाळलं नाही, तर पैसे वाया जातात.

माझ्या ओळखीची एक मुलगी गझल गाते. चारचौघांत गाण्याची मुभा तिला घरातून नाही. गाणारी बाई म्हटलं की भुवया उंचावतात. गौहर जान यांच्यानंतर शंभर वर्षं उलटली तरी ते संपलेलं नाही आणि याला कुठलाच समाज अपवाद नाही. ती रात्री सगळे झोपल्यावर कपाटाचं दार उघडून, हँगरवरच्या कपड्यांकडे तोंड करून गाते. तिचं रेकॉर्डिंग मी ऐकलंय. स्वच्छ आहे, श्वास ऐकू येतो. फाइलला तिने अजून स्वतःचं नाव दिलेलं नाही, नुसती तारीख लिहिते.

घरच्या रेकॉर्डिंगने स्टुडिओचं भाडं वाचवलं, हे खरंच. पण टिपला जाणारा आवाज कुणाचा असेल, हे ठरवण्याचा अधिकार त्याने थोडा खाली उतरवला, हे मला अधिक मोलाचं वाटतं. तंत्र आता त्या मुलीच्या हातात आहे. नाव सांगण्याचं बळ तिला आपण द्यायचं आहे.