उदयशंकरांचा नृत्यसंच आणि विष्णुदास शिराळी

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शांझ-एलिझे नाट्यगृहात उदयशंकरांच्या संचाचा पहिला प्रयोग झाला. हा संच उभारण्यात अ‍ॅलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीचा मोठा वाटा होता. उदयशंकर उदयपुरात जन्मलेले बंगाली, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे लंडनला ते चित्रकला शिकले आणि १९२३ मध्ये ॲना पाव्हलोव्हा यांच्या सहवासात नृत्याकडे वळले. संचात त्यांचे भाऊ होते, त्यांत कोवळ्या वयाचे रविशंकरही. प्रमुख नर्तिका सिमकी ही मूळची फ्रेंच. पुढे केरळातील माधवन नायर कथकळी घेऊन आले, आणि १९३५ मध्ये जोहरा मुमताझ, म्हणजेच नंतरच्या जोहरा सेहगल, दाखल झाल्या.

प्रयोगात एकच सलग कथा नसे. तांडव, इंद्र, कार्तिकेय अशी छोटी छोटी नृत्ये एकामागून एक सादर होत व मध्ये केवळ वाद्यसंगीत. पाश्चात्त्य बॅलेच्या मिश्र कार्यक्रमाचीच ही रीत. तीत भारतीय द्रव्य ओतले होते. उदयशंकरांनी कोणत्याही एका शास्त्रीय परंपरेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, यावर शुद्धतावाद्यांनी बोट ठेवले. तो आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. मात्र नृत्याकडे सभ्य समाज पाठ फिरवीत होता, त्या काळात त्यांनी त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, हेही तितकेच खरे.

या संचाच्या संगीताची बाजू तिमिर बरन यांच्याबरोबर व पुढे स्वतंत्रपणे सांभाळली ती विष्णुदास शिराळी यांनी. ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गायनाच्या साथीला बसणाऱ्या वादकांकडून समूहवादन करवून घेणे, आणि तेही नर्तकाच्या पदन्यासाशी जुळवून, हे काम सोपे नव्हते. आपल्याकडे पलुस्करांच्या शिष्यांची नावे घेताना ओंकारनाथ, विनायकराव येथेच बहुधा थांबतात. शिराळींचे नाव मागे पडते, याची खंत वाटते.

१९३९ च्या सुमारास अल्मोड्याला केंद्र स्थापन झाले. तेथे शंकरन नंबुद्री कथकळी, कंदप्पा पिळ्ळै भरतनाट्य, अमोबी सिंग मणिपुरी शिकवीत. संगीताला अल्लाउद्दीन खाँ. शांती बर्धन आणि गुरुदत्त तेथलेच. पैशाअभावी व युद्धकाळाच्या अडचणींमुळे केंद्र काही वर्षांतच बंद पडले. बर्धनांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रुप’ उभा केला. तो पुढे ग्वाल्हेरला व त्यानंतर भोपाळला गेला. उदयशंकरांचा ‘कल्पना’ हा चित्रपट १९४८ मध्ये आला. त्याचे संगीत शिराळींचेच होते.