वेबसाइट वेळेवर अपडेट केली नाही, तर काय होतं?

वेबसाइट एकदा सुरू झाली की काम संपलं, असा अनेकांचा समज असतो. पण ती ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यात नंतरही त्रुटी सापडत राहतात. त्या वेळच्या वेळी दुरुस्त केल्या नाहीत तर काय होतं, हे अमेरिकेतल्या इक्विफॅक्स प्रकरणात दिसलं.

नेमकं काय घडलं?

इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिचं तक्रारींचं पोर्टल 'अपाचे स्ट्रट्स' या सॉफ्टवेअरवर चालायचं. मार्च २०१७ मध्ये त्यातली गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि ती बुजवणारा पॅचही मोफत मिळाला. कंपनीत तशी ईमेल फिरली, पण पत्त्यांची यादीच जुनी होती. ज्यांनी पॅच लावायचा, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. मे महिन्यात हॅकर्स त्याच वाटेने आत शिरले.

अडीच महिने चोरी पकडली गेली नाही. कारण नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. २९ जुलैला ते बदललं आणि संशयास्पद हालचाल लगेच दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली होती. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

उशीर का महागात पडतो?

पॅच आला की त्रुटी कुठे आहे, हे हॅकर्सनाही कळतं. मग पॅच न लावलेल्या साइट्स बॉट्स आपोआप शोधतात. साइट मोठी आहे की गल्लीतल्या दुकानाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

नियमित काय करायचं?

• मूळ सॉफ्टवेअर, थीम आणि प्लगइन अपडेट ठेवा. न वापरलेले प्लगइन काढून टाका.
• बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यातून साइट परत उभी राहते का, हे अधूनमधून तपासा.
• सर्टिफिकेट आणि डोमेनच्या मुदतीच्या तारखा नोंदवून ठेवा.
• काम सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद करा. उरलेल्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.
• साइटवर कोणतं सॉफ्टवेअर आहे, याची यादी करा आणि ते अपडेट करण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवा. इक्विफॅक्समध्ये पॅच होता, सूचनाही होती. ती योग्य माणसापर्यंत गेली नाही, एवढंच.